दाईंच्या स्लाइडवरचे तंतू

आमच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम एक बाई करायच्या. सगळे त्यांना तोंडावरच दाई म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. "इतकी बाळं वाढवली, एकानं आई म्हणून हाक मारली नाही," असं म्हणत त्या इनक्युबेटरचं दार लावायच्या. सुट्टीच्या दिवशीही येऊन पेशींचं खाद्य बदलून जायच्या. घरी नवरा, लग्न झालेली मुलगी आणि गुडघेदुखी. यांपैकी गुडघ्यांबद्दलच तेवढ्या बोलत. तीस वर्षांत माझ्यासारखे कितीतरी संशोधक त्यांच्या हाताखालून गेले आणि प्रत्येकानं प्रबंधाच्या शेवटच्या पानावर त्यांचे आभार मानले.

माझा विषय अ‍ॅक्टिन. पेशीच्या आत या प्रथिनाचे कण एकापुढे एक जुळतात आणि त्यांचा तंतू होतो. एका टोकाला कण जोडले जातात, दुसऱ्या टोकाचे सुटतात. पेशी आकार धरते, पुढे सरकते, ती यांच्याच जोरावर. पण तंतू एकटा फार काही करू शकत नाही. त्याच्या दिमतीला दुसरी प्रथिनं असतात. कुणी टोकाला झाकण बसवतं, कुणी तंतू तोडतं, कुणी चार तंतू एकत्र बांधून ठेवतं. मी त्या बांधणाऱ्याच्या मागे लागलो होतो. ते पेशीतून काढून टाकलं तर काय होतं, हा माझा प्रश्न.

माझं उत्तर झकास होतं. तंतूच नाहीसे होतात! नेहमीच्या पेशींत लाल रंग चढलेल्या तंतूंचे जुडगे आणि माझ्या पेशींत नुसता अंधार. सोमवारच्या बैठकीत मी चित्रं दाखवली, तेव्हा प्रमुखांनी टेबलावर थाप मारली. माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग आमच्या रिवाजाप्रमाणे तोच प्रयोग दाईंनी पुन्हा करून पाहिला. त्यांच्या स्लाइडवर तंतू होते.

"अरे, आहेत की," सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता त्या म्हणाल्या. "दोरी काढलीस, मोळी सुटली. काड्या कुठं जाणार?"

"दाई, तुमच्या स्लाइड्सची अदलाबदल झाली असेल."

"माझ्या?" आता त्यांनी वर पाहिलं. "रंगवण्याआधी तू पेशी कशात स्थिर केल्या होत्यास?"

"फॉर्मलिनमध्ये. आणखी कशात करणार?"

त्या पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. मला मात्र राग आला होता. पुढच्या सोमवारी भर बैठकीत मी जे बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "दाईंच्या नजरेचा आता भरवसा राहिला नाही. त्यांच्या स्लाइड्स धरायला नकोत." दोघंतिघं हसले. दाई मागच्या खुर्चीत बसल्या होत्या.

त्याच आठवड्यात त्यांना बाटल्या धुण्याच्या खोलीत पाठवलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. "तेवढाच आराम," प्रमुख म्हणाले. जाताना दाईंनी प्रत्येक पेशीच्या खोडी एका कागदावर लिहून दिल्या. कुणाला खाद्य गार चालत नाही, कुणाला गर्दी सोसत नाही, सगळं.

तीन आठवड्यांनी लेख लिहायला घेतला आणि जुनी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: थंड मिथेनॉल, दहा मिनिटं. त्या दिवशी शेजारी माझा दुसराही एक प्रयोग चालू होता आणि त्याला मिथेनॉलच लागत होतं. घाईत या पेशीही मी त्याच बाटलीखाली घातल्या होत्या. मिथेनॉलनं तंतूंची घडण बिघडते आणि आमचा लाल रंग तर धड तंतूलाच चिकटतो. म्हणजे रंग चढला नव्हता, एवढंच. डोळे माझे गेले होते. दाईंचे शाबूत होते.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. तरी मी काय केलं? "ती खेप खराब निघाली," असं प्रमुखांना सांगितलं. प्रयोग पुन्हा केला. प्रथिन काढलं की जुडगे सुटतात, तंतू राहतात, असा लेख लिहिला. दाईंचंच वाक्य, फक्त मोळी नव्हती. नजर कुणाची बरोबर होती, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उद्या सांगू, असं रोज ठरवायचो. धुण्याच्या खोलीवरून जावं लागू नये म्हणून मागच्या जिन्यानं जायचो. इतका भित्रा मी आहे, हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

निरोपाच्या दिवशी दुपारी चहा ठेवला होता. भेट म्हणून सगळ्यांनी मिळून भिंग बसवलेला टेबलावरचा दिवा आणला होता. "दाई, आता तरी नीट दिसेल!" कुणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले. दाईही हसल्या. मग माईक हातात देऊन मला बोलायला उभं केलं. मी पाच मिनिटं बोललो. त्यांचे हात, त्यांची चिकाटी, त्यांची माया, सगळं आलं. नजरेबद्दल चकार शब्द काढला नाही. टाळ्या पडल्या.

जिन्यापाशी मी त्यांना गाठलं. "दाई, मला तुम्हाला सांगायचंय. तेव्हा माझ्याकडून..."

"मिथेनॉल ना? बाटली बाहेरच ठेवून गेला होतास. मीच नेऊन फ्रीझरमध्ये ठेवली."

"मग तुम्ही बैठकीत का नाही बोललात?"

"चूक तुझी. मी सांगून कसं चालेल?" त्यांनी दिव्याचं खोकं काखेत नीट धरलं. "तू कधीतरी बोलशील असं वाटायचं. आज तर माईक तुझ्याच हातात होता रे."

मी खोकं घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ते दुसऱ्या काखेत घेतलं आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या.