दादाचे ‘जुने’ दिवे

‘भाऊजी, हे उठून नाही राह्यले हो... लवकर या!’ वहिनीचा फोन आला तेव्हा मी चिखलीत दुकानाचं शटर वर करत होतो. लोणारला पोचलो तोवर दादा गेलेला होता. त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारे त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, मी मान हलवतो आणि आतून मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगायचं आहे.

दादा पितळी दिवे करायचा. ग्रहतारे मोजायचं जुनं गोलयंत्र असतं ना, एकात एक अडकवलेली कडी, तसा घाट. मधोमध पृथ्वीच्या जागी पिवळा बल्ब. लावला की भिंतीवर कड्यांच्या सावल्या पडत. हात सोन्याचा होता त्याचा, पण जीभ! कडी सरोवराच्या खाऱ्या पाण्यात भिजवून हिरवट करायची आणि सरोवर बघायला आलेल्यांना सांगायचं, ‘राजाच्या जोश्याचं यंत्र हाय साहेब. जुन्या गढीतून निघालं. म्या फक्त बल्ब लावला.’ मला अस्सा संताप यायचा! ‘दादा, खोटं काऊन बोलतं?’ विचारलं की हसायचा. ‘तू लय साव हायस बे. गिऱ्हाईक काय नुसता दिवा नेते काय? त्याले घरी जाऊन सांगाले गोष्ट लागते.’ भाऊ काय करतो, असं चारचौघांत कुणी विचारलं, तर मी ‘पितळेचं काम’ म्हणून विषय बदलायचो. आपण खरं बोलणारे, याचा मला फार ताठा होता.

तेरवी झाल्यावर वहिनीसोबत दादाचं दुकान आवरत होतो, तर उंद्रीच्या एक शिक्षिकाबाई आल्या. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला दादाचा दिवा. ‘मधलं कडं निसटलं म्हणून आणला. इथं आल्यावर समजलं, दादा गेले...’ मला मात्र धसकाच बसला. आता या विचारणार, किती जुना आहे, आणि मेलेल्या भावाची लाज निघणार, तीही वहिनीसमोर! त्यांनी काही विचारायच्या आतच मी बोलून गेलो, ‘जपून ठेवा बाई. राजाच्या जोश्याचं यंत्र आहे हे.’ एवढ्यावर थांबलो असतो तरी...! पण नाही. गढी कुठली, जोशी कोण, सगळं रचून सांगितलं. कुठून सुचलं देव जाणे.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘असं काऊन म्हणता हो? तुमच्या दादानं तं मले खरं सांगितलं होतं.’ दिवा घेताना, शाळेतल्या पोरांसाठी नेते, असं त्या बोलल्या होत्या. तेव्हा दादानं नुसता दिवा बांधून दिला. मग एसटी सुटता सुटता धापा टाकत खिडकीखाली आला. ‘म्हणे, बाई, पोराइले जुना म्हणून सांगू नका. म्याच बनवला. नको असंन तं वापस द्या.’

‘तुम्ही बी, भाऊजी?’ वहिनी एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी खाली मान घालून कडं बसवलं. दोनदा निसटलं. बाईंनी बटण दाबून पाहिलं, दिवा लागला. टॉवेलात गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, ‘पोरं विचारतीन, बनवणारे काका कसे होते. काय सांगू त्याइले?’

‘खरं ते सांगा,’ एवढंच तर म्हणायचं होतं... माझ्या तोंडून ते निघेना.