पाकातलं मीठ

आमच्या भावोजींना घरात सगळे लिंबूटिंबू म्हणत. लग्नात दादाने ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. खेळात घ्यायचं, पण आऊट धरायचं नाही, असा माणूस. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं शिपाई होते. काचेच्या नळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्या पुसायच्या, आणि सरांनी हाक मारली की 'आलो' म्हणायचं.

ताई गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी ते आमच्याकडे जेवायला येत. मी दादाकडेच राहते, लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते विचारू नका. ताई गेल्यावर त्यांचं आमचं नातं खरं तर संपलं होतं. येऊ नका म्हणायचं कोणी, हाच प्रश्न होता. पण त्यांच्या हातात एक गोष्ट होती, आणि तेवढ्यासाठी दादा त्यांची वाट बघायचा.

जेवणाआधी ते जिन आणि लिंबाचं पेय बनवत. साधंच. जिन, लिंबू, साखरेचा पाक, बर्फ. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून हलवायचं, गाळायचं आणि संत्र्याची साल ग्लासावर मुरडायची, म्हणजे तिचं तेल वर उडतं. माणसं बसल्याशिवाय लिंबू कापत नसत. पिळतानाही शेवटचा थेंब काढत नसत, कडू होतं म्हणून. शाळेतून आणलेली मोजायची नळी होती, पण ती फक्त जिनपुरती. बाकी सगळं जिभेवर. एक थेंब मनगटामागे हातावर टाकायचा, चाटायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची. मग अर्धा चमचा पाक, नाहीतर चार थेंब लिंबू. "लिंबू रोज वेगळं असतं गं," ते मला म्हणत. "कालचं माप आजच्या लिंबाला चालत नाही." स्वतः चमचाभरसुद्धा पीत नसत.

हिवाळ्यात त्यांना ताप आला. बरे होऊन आले त्या रविवारी माझ्या हातून त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. चुकून हो, तेव्हा चुकूनच. कप धुताना तळाशी उरलेला घोट मी चाखला आणि समजलं. त्यांनी जवळजवळ अख्खा कप पिऊन वर 'छान झालाय' म्हटलं होतं.

माझ्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत दादाला सांगून मोकळी झाले.

पुढच्या रविवारी ते लिंबं धूत होते तेवढ्यात दादाने जिनच्या बाटलीत नळाचं पाणी भरून ठेवलं. आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो. भावोजींनी हातावर थेंब टाकला, चाटला, डोळे मिटले, मान हलवली आणि अर्धा चमचा पाक वाढवला. दादा तोंडात रुमाल कोंबून आत पळाला. मग बाहेर येऊन एक घोट घेतला आणि म्हणाला, "वा भावोजी, तापानंतर हात आणखी बसलाय तुमचा."

असे सहा रविवार गेले. कधी पाणी, कधी पिळून ठेवलेल्या लिंबाच्या वाटीत शिरका. आम्ही एक घोट गिळायचो, वाहवा करायचो आणि बाकीचं मोरीत. हसून हसून पुरेवाट व्हायची. मीही हसायचे. माझ्यासारख्या बाईला घरात एकटीने नाही, कोणाबरोबर तरी हसायला मिळालं की बरं वाटतं.

त्यातच हेडमास्तरांचं बोलावणं आलं. भावोजींचे जुने हेडमास्तर, पंचाहत्तरीचा समारंभ, आमच्याच गल्लीच्या टोकाच्या हॉलमध्ये. चाळीस माणसं, सगळे जुने शिक्षक. "ऐकलंय, तुम्ही फार सुंदर पेय बनवता. त्या दिवशी तुमच्याच हातचं हवं." ज्या माणसाने तीस वर्षांत त्यांना कधी 'बसा' म्हटलं नव्हतं, त्याचं हे आमंत्रण.

भावोजींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला म्हणून सांगतो. तापात माझी चव गेली. वासही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार. मी नकोच म्हणणार होतो हेडमास्तरांना." मग हसले. "पण तुम्ही इतकं नावाजता. म्हणजे हाताला येत असणार. तीस वर्षं ओतलंय, हाताला कळतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे सहाही रविवार सांगायचे. मी भांडी लावत राहिले.

समारंभाआधीच्या रविवारी त्यांनी आमच्या मोठ्या शेगडीवर दोन बाटल्या पाक केला आणि आमच्याच फ्रिजमध्ये ठेवला. आधी आम्हाला त्यातलं पाजलं, रंगीत तालीम म्हणून. दादाने तोवर दोन्ही बाटल्यांत मूठ मूठ मीठ विरघळवलं होतं. नेहमीप्रमाणे वाहवा झाली. बाटल्या ओतून टाकायला हव्यात हे दादा विसरला. मी विसरले नव्हते.

समारंभाच्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाटल्या न्यायला आले. बूच काढलं, चमचा माझ्यापुढे धरला. "दादा तोंडावर गोड बोलतो. तू चाखून सांग. आज चुकायला नको."

मी चाखलं. जीभ आकसली.

"बेताचं झालंय," मी म्हटलं.

बर्फाची पिशवी घेऊन त्यांच्या मागे हॉलवरही गेले. त्यांनी चाळीस ग्लास भरले, प्रत्येकावर साल मुरडली. पहिला ग्लास हेडमास्तरांना. त्यांनी घोट घेतला आणि रुमालात थुंकला. कोणीतरी हसलं, मग सगळेच. हेडमास्तर म्हणाले, "बाटल्या धुण्यातच शोभत होता हो तुम्ही."

भावोजींनी हातावर थेंब टाकला, चाटला, डोळे मिटले. सवयीने मान हलली. त्यावर हॉलमध्ये आणखी मोठा हशा झाला. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. मी बर्फाची पिशवी खाली ठेवून घरी आले.

मला वाटलं, आता येणं बंद होईल. पण पुढच्या रविवारी ते आले. स्वतःच्या घरात त्यांच्याशी बोलायला कोण आहे? डबा, नळी काहीच आणलं नव्हतं.

आता रविवारी दादा पेय बनवतो. कसंतरी, पचकवणी. पहिला ग्लास भावोजींच्या हातात देतो आणि विचारतो, "सांगा भावोजी, कसं झालंय?"

ते सगळा ग्लास पितात. "छान," म्हणतात.

दादा हसतो. मीही हसते, नाहीतर दादा विचारेल, तुला काय झालं.