मामा नावाच्या गाडीचा बिमा

गोपीचंद कापगतेला दरेकशापासून सालेकशापर्यंत सगळे मामा म्हणतात. त्याची सख्खी भाची एकच, डिंपल. बाकीचं भाचेमंडळ त्याने जीपमध्ये कोंबून कोंबून जमवलं. शाळेची पोरं, मोहफुलं घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, कचारगडच्या यात्रेचे भाविक, जो येईल त्याला "सरका गा, मामाच्या गाडीत जागा सरत नाही" म्हणत हा बाबा आत घ्यायचा. आम्ही मुकाट्याने सरकायचो. मी शाळेचा मास्तर, रोजचा प्रवासी; माझा डावा गुडघा त्या जीपनेच कामातून घालवला आणि हे मी त्याला तोंडावर सांगत आलो आहे.

जीपला नंबर मिळाला 4141. गोंदियाच्या एका पेंटरने त्या आकड्यांवर शिरोरेषा ओढली, चाराला जरा गोंजारून त्याचा म केला, एकाचा काना केला आणि पाटीवर झालं 'मामा'. पाटी अशी रंगवायला कायद्याची परवानगी नाही, पण त्या दिवशी गोपीचंदने साऱ्या गावाला पेढे वाटले, त्यामुळे कायद्याचं कोणी काढलं नाही. तेव्हापासून तो आपल्या गाडीचा खरा नंबर साफ विसरून गेला.

बिम्याच्या बाबतीत मात्र माणूस सरळ. आमच्याकडे विम्याला बिमाच म्हणतात आणि बरेच जण तो काढतच नाहीत. गोपीचंद दरवर्षी काढायचा. गेल्या वर्षी पहिल्यांदाच सालेकशाच्या ऑनलाइन सेंटरवाल्या अतुलला त्याने फोन लावला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

"मामा, गाडीचा नंबर सांगा," अतुल म्हणाला.

"मामा."

"हाव मामा, पन नंबर सांगा ना."

"सांगून तं राहिलो! मामा!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी वैतागून अतुलने पाटीचा फोटो मागवला आणि फोटो पाहून बिमा काढून दिला. गोपीचंदने तो कागद देवाच्या फोटोमागे खोचला आणि निर्धास्त झाला. नाक्यावर कोणी अडवलं की कागद दाखवायचा, पोलीस त्यावरचा शिक्का पाहायचा, जीप पुढे जायची.

यंदाच्या उन्हाळ्यात डिंपलचं लग्न निघालं. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. तिची आई धुरपताबाई पोरीला घेऊन भावाच्या घरी आली ती तिथलीच झाली. डिंपल शाळेत गेली ती मामाच्या जीपमधून, कॉलेजला गेली तीही त्याच जीपमधून. "तुले मांडवात मीच नेईन आनि याच गाडीत नेईन," हे गोपीचंदने ती चौथीत असताना कबूल केलं होतं आणि नंतर दर महिन्याला एकदा तरी आठवण करून दिली होती.

यात आडवा आला डिंपलचा काका केवळराम. इतकी वर्षं पोरीची चौकशी नाही, आणि लग्न ठरताच याच्या अंगात काकापण संचारलं. त्याच्याकडे नवी पांढरी मोठी गाडी. "नवरीले त्या भंगारात कायले आनता? मी आनतो ना," असं तो चारचौघांत म्हणाला. दुसऱ्या दिवशी गोपीचंदने जीप दोनदा धुतली.

लग्न सालेकशाच्या लॉनवर, दुपारचा मुहूर्त. जीपला झेंडूच्या माळा, आत शालू नेसलेली डिंपल, तिच्या शेजारी धुरपताबाई आणि मागे करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन मी. सालेकसा दिसायला लागलं आणि नाक्यावर हवालदार टेकचंदने हात केला. गोपीचंदने सवयीने कागद काढला.

"कागद राहू द्या मामा," टेकचंद म्हणाला. त्याच्या हातात नवंकोरं यंत्र होतं. "आता कागद कोन पाहते? नंबर टाकला की मशीनच सांगते, बिमा आहे की नाही."

त्याने जीपचं आरसी बुक मागून घेतलं, 4141 टाकले आणि यंत्राकडे पाहत राहिला. "इन्शुरन्स नही दिखा रहा."

"असा कसा नाही दाखवत? हा काय मंग?" गोपीचंदने कागद त्याच्या नाकाखाली धरला.

टेकचंदने कागद वाचला. मग जीपच्या पुढे जाऊन पाटी वाचली. मान तिरपी करून पुन्हा वाचली. "कागदावर 4747 आहे," तो म्हणाला. "आनि हे काय लिहून ठेवलं? हा सात आहे का?"

"सात काऊन राहील? तो काना आहे!"

आता माझ्याही लक्षात आलं. वरून रेघ मारलेला काना अतुलच्या डोळ्यांना सात दिसला होता, एकदा नाही, दोनदा. वर्षभर गोपीचंदने भलत्याच गाडीचा बिमा देवामागे जपला होता.

टेकचंदने 4747 टाकले. "याचा बिमा चालू आहे. तीनचाकी मालगाडी, मालक दुर्गाप्रसाद बिसेन."

"कोंबडीवाला?" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

जीप सोडता येणार नाही, टेकचंदने हात जोडून सांगितलं. पुढच्या चौकात साहेब उभे होते. नवा बिमा फोनवर लगेच निघाला असता, पण मशीनवर चढायला त्याला वेळ लागतो, आणि मुहूर्त काही मशीनसाठी थांबणार नव्हता. एवढ्यात गोपीचंदचा फोन वाजला. पलीकडे केवळराम; नाक्यावरून पुढे गेलेल्या कोणीतरी त्याला बातमी दिली होती. त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "अडकली ना गाडी? मी येऊन राहिलो. नवरीले मीच नेतो मांडवात."

गोपीचंदने फोन खिशात ठेवला. बॉनेटवरची माळ सरळ केली, ती सरळच होती. मग डिंपलकडे न पाहता म्हणाला, "जाय बाई काकाच्या गाडीत. टाइम होऊन राहिला."

मला त्या माणसाची इतकी दया आली की करंज्यांचा डबा उचलून मशीनवर आपटावा असं वाटलं.

"मी नाही जात," डिंपल म्हणाली. ती शालू सावरत खाली उतरली. "हवालदारसाहेब, 4747 च्या बिम्याचे पैसे कोन भरले?"

"मामानं."

"मंग मामाचाच बिमा झाला ना तो? बोलवा त्या गाडीले."

दुर्गाप्रसाद नाक्यापलीकडे बाजारातच होता. रिकामे पिंजरे वाजवत त्याची तीनचाकी आली. सगळा प्रकार आम्ही त्याला सांगितला.

"माय वो! मी तं जिंदगीत बिमा काढलोच नाही. गोंदियाले दरवेळा मशीन लावतेत आनि दरवेळा सोडून देतेत. मी म्हनलो, कोंबडीवाल्यायसाठी सरकारची योजना आली असंन!"

पिंजरे उतरवून रस्त्याकडेला ठेवले. चहाच्या टपरीवरून एक प्लास्टिकची खुर्ची आणली. नवरी मागे चढणार तेवढ्यात टेकचंदला आठवलं, "मालगाडीत मानूस बसवता येत नाही."

"मशीनमध्ये येते का ते?" डिंपलने विचारलं.

टेकचंदने यंत्राकडे बराच वेळ पाहिलं. "मशीन काही बोलून नाही राहिली," तो म्हणाला आणि पाठ वळवून एका ट्रकला हात करायला लागला.

अशी आमची वरात निघाली. खुर्चीवर डिंपल, तिच्यावर छत्री धरून उभा गोपीचंद, कोपऱ्यात धुरपताबाई आणि मी, आणि कुठूनतरी सुटून डिंपलच्या पायाशी बसलेली एक पांढरी कोंबडी. गल्लीबोळांतून दुर्गाप्रसादने गाडी अशी काढली की चौकातल्या साहेबांना फक्त पिसं दिसली असतील. धुरपताबाई सारखी डोळे पुसत होती. मी म्हटलं, वासाने असेल. "चूप बसा मास्तर," ती म्हणाली, "माह्या भाऊ तिले घेऊन चालला."

लॉनच्या दारात केवळराम पांढऱ्या गाडीपाशी उभा होता, बँडच्या गर्दीत गाडी अडकल्याने अजून निघायच्याच बेतात. त्याच्यासमोरून कोंबडीगाडी आत गेली. बँडवाल्यांना क्षणभर वाजवावं की हाकलावं तेच कळेना. गोपीचंदने हात धरून भाचीला उतरवलं आणि मांडवात नेलं. मंगलाष्टकं संपली तरी डिंपलच्या बाशिंगात एक पीस अडकलेलं होतं आणि कोणीही ते काढलं नाही.

आता जीपला सरकारी छापाची साधी पाटी आहे. 4141, कोणालाही वाचता येईल अशी. नवा बिमाही बरोबर नंबरावर निघाला, आणि मशीनवर तो दिसतो की नाही हे गोपीचंद टेकचंदला दर आठवड्याला विचारतो. मधल्या काळात जुन्या कागदाची मुदत संपली, तेव्हा दुर्गाप्रसाद चवताळून गोपीचंदच्या दारात आला होता. "मामा, माह्या बिमा काऊन बंद केला?"

पाटीचं मात्र गोपीचंदला लागलं. स्टँडवर सगळ्या जीपा सारख्याच, आता आपली कोणाला ओळखू येणार, असं तो मला दोनतीनदा म्हणाला.

मग एका बाजाराच्या दिवशी डिंपल सासरहून पहिल्यांदा माहेरी निघाली. गोपीचंदला कळवलंच नव्हतं. रांगेत आमची जीप शेवटी होती. ती बसमधून उतरली आणि एकाही पाटीकडे न पाहता सरळ चालत आली. पिशवी आत टाकली, गोपीचंदच्या शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चला मामा, माय वाट पाहून राहिली असंन."

गोपीचंदने जीप सुरू केली. दरेकसा येईपर्यंत त्याने वाटेत हात करणाऱ्या एकाही माणसाला आत घेतलं नाही, आणि माझा गुडघा त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ पसरता आला.