अपुरी जबानी

उचगावहून मावशींचा, म्हणजे मिलिंदच्या आईचा, फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. चार महिने त्या घरी फिरकलो नव्हतो, त्यामुळं आवाज ओळखताच उगीच मोठ्यानं म्हणालो, "काय मावशी, आज कशी काय आठवण झाली?" त्या म्हणाल्या, "मिलिंद गेला रं बाबा. सकाळी गेला." त्याला आता दीड महिना झाला. मी तिरसट माणूस आहे, चूक लवकर कबूल करत नाही. पण ही एक कबूल केल्याशिवाय मला सुटका नाही.

मिलिंद आणि मी पॉलिटेक्निकला एका बाकावर. गावभर उंडारणारा गडी. रंकाळ्याला एक फेरी मारल्याशिवाय त्याला भाकरी गोड लागायची नाही. कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली, आणि दुसऱ्याच वर्षी घरी येताना गाडी घसरली. मणक्याला मार बसला. कमरेखालचं सगळं गेलं. त्यानंतर चार वर्षं तो, ती कॉट आणि समोरची हिरवी भिंत. मी रविवारी जायचो. "कसा हायस?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "झकास! मला काय धाड भरलीया?" मग दोघंही गप्प. बाहेरचं काही तो विचारायचा नाही आणि मीही सांगायचो नाही, त्याला लागेल म्हणून.

माझं राजारामपुरीत सायबर कॅफे. तिथं मला एका खेळाचा नाद लागला होता. अंतराळातलं एक स्टेशन, त्यावर देशोदेशीची माणसं. कुणी कप्तान, कुणी डॉक्टर, कुणी झाडूवाला. ज्यानं जे सोंग घेतलं ते त्यानं निभवायचं, बोलायचंही तसंच. मिलिंदच्या भावानं त्याच्या कॉटशी कॉम्प्युटर लावून दिला, तेव्हा मी त्याला हा खेळ शिकवला. मी मेकॅनिक झालो. पठ्ठ्या झाला पोलीस! पडद्यावर का होईना, दोन पायांवर गस्त घालायचा. स्टेशनचा कायदा त्यानं तोंडपाठ केला होता.

एकदा मी गोदामातून ऑक्सिजनची टाकी न विचारता उचलली. भोजनगृहाला भोक पडून हवा चालली होती, माणसं मेली असती. आमच्या पोलीससाहेबांनी मला बेड्याच घातल्या. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत आमची जुंपली.

"जीव वाचवणं चोरी हाय व्हय?"

"कायद्यात लिवलंय काय तसं? धा मिनिटं कोठडी."

"लेका, दोस्ताला आत टाकतोस?"

"वर्दीत दोस्त न्हाय. चल आत!"

दहा मिनिटं झाली तरी दार उघडेना. चौकशी चालू आहे म्हणाला. आणि चौकशी कसली? "आरोपीनं सांगावं, आज दसरा चौकातनं येताना काय बगितलं? रंकाळ्याला पाणी किती हाय? आपल्या मिसळवाल्याचं पोरगं आता गल्ल्यावर बसतंय काय?" पाऊण तास! तिकडं सगळे खेळत होते आणि मी त्या चौकोनात येरझाऱ्या घालत होतो. डोकं सणकलं माझं. खेळ चालवणारे कुणीतरी परदेशात बसलेले, त्यांच्याकडं मी रीतसर तक्रार ठोकली. त्यांना मराठी कळणार नाही, म्हणून त्याचा एकेक प्रश्न इंग्रजीत करून दिला आणि खाली लिहिलं, यातल्या एकाही प्रश्नाचा गुन्ह्याशी संबंध नाही.

खटला मी जिंकलो. त्यांनी मिलिंदची पोलिसाची जागा काढून घेतली. मला त्याचा एकच निरोप आला... "तुझं बराबर हाय. नियम म्हंजे नियम." पुन्हा तो त्या स्टेशनवर दिसला नाही. मला वाटलं, येईल रुसवा काढून. रविवारी जावं असं दर रविवारी ठरवायचो. मग ताप फुप्फुसात उतरला म्हणे, आणि चार दिवसांत संपलं.

दिवसकार्य झाल्यावर मावशींकडं गेलो. कॉट तशीच होती, भिंत तशीच. मी खुर्चीवर बसलो तर समोर भिंतीशिवाय बघायला काही नाही. एवढी वर्षं मी या खुर्चीत बसत होतो, पण अर्ध्या तासात उठून जाता येत होतं मला. मावशी म्हणाल्या, "समोर आलास की गप बसायचा. म्हणायचा, तोंडावर विचारलं तर त्याला वाटंल मी रडतोय. त्या खेळातच तेवढा तुज्याशी बोलायचा. त्या दिवशी तर किती हसला! म्हणाला, आये, आज त्याला धरून ठेवलाय, सगळं गाव वदवून घेतो."

मला तिथून उठावं असं फार वाटलं. उठवेना.

"मावशी," मी म्हणालो, "चहा नको. बसतो जरा."

त्या आत गेल्या. मग मी कॉटकडं तोंड केलं आणि सांगायला लागलो. आज दसरा चौकातनं आलो. गर्दी होती. रंकाळ्याला पाणी भरपूर हाय. मिसळवाल्याचं पोरगं बसतंय आता गल्ल्यावर, बापासारखंच खेकसतंय...