सरदारीणबाई कुठे गेल्या

शनिवार, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, इंग्लंडमध्ये असूनही चक्क ऊन. हजर: मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि नागपूरहून आलेल्या सासूबाई. सोबत पोहे, थर्मास, छत्र्या आणि सासूबाईंसाठी फोल्डिंगची खुर्ची.

दोनच दिवसांपूर्वी सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझं तिकीट अलीकडचं करून दे." ऑगस्टपर्यंत राहायला आल्या होत्या आणि एवढ्यातच कंटाळल्या. तिकडे संध्याकाळी विहारात त्यांचा बायकांचा गट जमतो, गप्पांना अंत नसतो. इथे बेसिंगस्टोकला आमच्या गल्लीत संध्याकाळी मांजरसुद्धा दिसत नाही. मी यादीत लिहिलं: 'सोमवार, एअरलाइनला फोन.' लिहिताना वाईट वाटलं. लेकीला आजी पहिल्यांदाच एवढी सलग मिळणार होती, आणि दोघींचं बोलणं अजून 'जेवलीस का'च्या पुढे गेलं नव्हतं.

म्हणून ही सहल. लेकीला शाळेत एका जुन्या सरदार घराण्यावर प्रोजेक्ट होतं आणि त्यांचा पडका किल्ला जवळच होता.

"पडक्या भिंती बघायला तिकीट काढलं?" सासूबाईंनी गेटपाशीच विचारलं.

"पार्किंग फ्री आहे, आई," नवरा म्हणाला.

बुरुजाच्या सावलीत खुर्ची मांडली, पोहे वाढले आणि लेकीला म्हटलं, आजीला गोष्ट सांग. मराठीत.

"आजी, पहिला माणूस साधा होता. त्याने किंगला युद्धात हेल्प केली, म्हणून जमीन मिळाली. मग त्याच्या मुलाने लग्न केलं. ती मुलगी खूप श्रीमंत होता."

"होती," मी म्हटलं.

"तू मधे बोलू नको," सासूबाई मला म्हणाल्या. मग लेकीला, "तिला भाऊ नव्हता न?"

"नव्हता. तुला कसं माहीत?"

"भाऊ असता तर किल्ला यांच्याकडे कशाला आला असता? पुढे बोल."

सासूबाईंनी नात्यागोत्यातली कितीतरी लग्नं जुळवली आहेत. कुठलंही घराणं त्या सुनांकडून समजून घेतात. पुढच्या पिढीतही एक एकुलती मुलगी करून आणली होती, तिच्याबरोबर आणखी दोन किल्ले आले. सासूबाईंनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "लढाया कमी, सोयरिकी जास्त. हुशार होते लेकाचे."

मग घसरण. राजगादीसाठी दोन चुलतभाऊ भांडले आणि आमच्या सरदाराने, म्हणजे याच एकुलतीच्या नवऱ्याने, हरणाऱ्याची बाजू धरली. त्याचं डोकं उडवलं, सगळं जप्त झालं, छतावरचे शिशाचे पत्रेसुद्धा काढून नेले.

"अन् त्याची बायको?"

"इथल्या माहितीच्या बोर्डवर नाही लिहिलं."

"लेकरं होती न पदरात?"

"हो, लहान होती."

"मग माहेरी जावं, तर माहेरचे किल्ले यांनीच घेतलेले. तेही जप्त. बाई गेली कुठं?"

लेकीने फोनवर शोधलं, सापडेना. मी तिकीट खिडकीवर विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जुनी कागदपत्रं ठेवतात तिथे, ईमेल करून पाहा. तोवर आजी-नात हातात हात घालून किल्ल्याला फेरी मारायला निघाल्या होत्या, बाई कुठल्या दारातून निसटली असेल ते बघायला. सासूबाईंच्या तोंडी गुडघेदुखीचं नाव नाही. नवरा मागून खुर्ची घेऊन हिंडत होता.

परतताना गाडीत मी विचारलं, "आई, सोमवारी फोन करू ना?"

"कशाचा?"

"तिकिटाचा."

"थांब न बापा. त्या बाईचा पत्ता तर लागू दे."

आता रोज शाळा सुटली की दोघी लायब्ररीची पुस्तकं घेऊन बसतात. लेक वाचते, आजी शंका काढते. विहारातल्या मैत्रिणींनाही व्हिडिओ कॉलवर सगळं कळलंय. निम्म्यांचं मत, ती मठात गेली. उरलेल्यांचं, तिने दुसरं लग्न केलं.

एअरलाइनच्या फोनवर मी काट मारली. त्याखाली लिहिलंय: 'रेकॉर्ड ऑफिसला ईमेल.' एरवी माझ्या यादीत काही आठवडाभर टिकत नाही. हा ईमेल लिहून तयार आहे, तपासूनही झालाय. पाठवायचा तेवढा राहिलाय.