भडगाव गेला

आमच्या वर्गातल्या पोरांना आजवर जेवढे मुतखडे झाले, त्यातला एकही पिंपळनेरला कळल्याशिवाय बाहेर पडलेला नाही. पोरं म्हणायचं ते सवयीने; यातल्या बहुतेक पोरांचे दात आता रात्री वाटीत काढून ठेवावे लागतात. सोनोग्राफीचा कागद डॉक्टरांच्या हातात असतानाच पिंपळनेरचा फोन धुळ्याहून सुटलेला असे, आणि पेशंटची बायको रिक्षा करून दवाखान्यात पोचायच्या आत खडा केवढा, अडकलाय कुठे आणि काढणार कोण, हे आम्हा सगळ्यांना पाठ झालेलं असे. एकदा मी मुलीचं लग्न जमल्याबद्दल अभिनंदन करायला बोदवडला फोन केला. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "अरे, पाव्हणे तर उद्या पोरीले पाहाले येऊन राह्यले." उद्या पाहुणे आले, पोहे खाल्ले आणि लग्न जमलं. वधूपित्याच्या आधी मला कसं कळलं, हे बोदवड अजून विचारतो.

पिंपळनेर, बोदवड, भडगाव ही माणसांची नावं आहेत. धुळ्याला कॉलेजात आम्ही होतो तेव्हा सरांनी हजेरीला नुसतं 'पाटील' म्हटलं की अर्धा वर्ग उभा राहायचा. नाव धरून पुकारा केला तरी पाच-सात जण उभे राहायचेच, कारण त्या काळी आमच्याकडे नावंही मोजकीच होती. शेवटी सर वैतागले आणि त्यांनी आम्हाला गावांवरून हाका मारायला सुरुवात केली. मी भडगाव झालो. बोदवडच्या स्टेशनाजवळ ज्याचं घर होतं तो बोदवड झाला, आणि साक्रीच्याही पलीकडून जो यायचा तो पिंपळनेर. आईबापांनी बारशाला ठेवलेली नावं पुढे फक्त लग्नपत्रिकेवर आणि पेन्शनच्या कागदावर उरली. माझी सून पुण्याची. नवी असताना तिने मला फोनवर बोलताना ऐकलं, "साक्रीचं पाणी काढलं का? बोदवडची साखर वाढली म्हणे." ती नवऱ्याला हळूच म्हणाली, बाबा निवृत्त झाले तरी अजून कृषी खात्याचं काम घरून बघतात वाटतं. साक्रीचं पाणी म्हणजे साक्रीच्या गुडघ्यातलं पाणी, हे तिला समजावता समजावता माझा मुलगा थकला.

पिंपळनेरला नोकरीही अशी मिळाली की देवाने खास त्याच्यासाठीच राखून ठेवली असावी. धुळ्याच्या बसस्थानकावर तो कंट्रोलर होता. काचेमागे बसून भोंग्यावरून गावांची नावं पुकारायची आणि पगार घ्यायचा. खान्देशातलं प्रत्येक गाव दिवसातून एकदा तरी त्याच्या खिडकीसमोरून जायचं. भडगावच्या गाडीचा कंडक्टर उतरला की पहिला प्रश्न, "आमना भडगाव कसा शे?" कंडक्टर माझ्या गल्लीतला निघाला तर माझ्या वडिलांचा दमा, भावाची विहीर, धाकट्या बहिणीचं सासर, सगळं चहा निवायच्या आत गोळा व्हायचं. निवृत्त झाल्यावरही तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर जाऊन बसत असे. तिकिटाशिवाय खान्देश फिरणारा त्याच्यासारखा दुसरा माणूस झाला नसेल.

त्याचा फोन 'हॅलो'ने सुरू होत नसे. उचलला की सरळ बातमी. आधी तब्येती, मग पोरांच्या नोकऱ्या, मग सुना-जावई, आणि वेळ उरला तर कापसाचा भाव. तब्येतीतही त्याने प्रतवारी लावली होती. बायपास म्हणजे मानाचं पान. अँजिओप्लास्टी त्या खालोखाल. साधं पित्त, सर्दी, पाठीत भरलेली उसण याला त्याच्याकडे जागा नव्हती. साक्रीला एकदा फार मळमळायला लागलं आणि त्याने स्वतःहून फोन करून ते कळवलं, तर पिंपळनेरने थंडपणे विचारलं, "ॲडमिट शे का?" नाही म्हटल्यावर विषय संपला. साक्री त्यावरून दोन महिने रुसून बसला होता.

आणि एक गंमत म्हणजे चांगली बातमी तो अहिराणीत द्यायचा आणि वाईट बातमी शुद्ध मराठीत. "भो, बोदवडले नात व्हयनी," असं आलं की समजावं, पेढे आहेत. पण त्याने "नमस्कार, कळविण्यास अत्यंत दुःख होते" असा सूर लावला की हातातला कप खाली ठेवायचा. तो सूर भोंग्यावरचाच असायचा, फक्त गाडीच्या जागी माणूस सुटलेला असायचा. मग धोतर-टोपी चढवून तो मिळेल त्या एस्टीने दारावर जायचा. गेलेल्या माणसाच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात, आणि आमच्या वर्गातलं एकही दार त्याने सोडलं नाही. माझी बायको गेली तेव्हा पहिला माणूस दारात आला तो हाच. दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपला नीट लावत राहिला.

स्वतःची बातमी मात्र त्याच्याकडे कधी नसे. एकदा बोलता बोलता मी विचारलं, "वहिनी कशा आहेत?" तर म्हणाला, "ती गई ना. मांगला उन्हाळामा." मी हादरलोच. वर्ष होत आलं होतं आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. मी त्याच्यावर भडकलो, सगळ्या जगाच्या बातम्या सांगतोस आणि ही सांगितली नाहीस? तो शांतपणे म्हणाला, "ती आपला वर्गमा कोठे व्हती?" दोन्ही मुली सुरतेला दिलेल्या. धुळ्यात देवपुरातल्या दोन खोल्यांत तो, एक गॅसची शेगडी आणि फोन. हा फोन हेच त्याचं घरदार आहे, हे मला त्या दिवशी समजलं. खरं सांगायचं तर माझंही निराळं काही नव्हतं. मुलगा पुण्यात, जळगावच्या घरात सकाळी कुकरची शिट्टी आणि पिंपळनेरचा फोन, एवढेच दोन आवाज. त्याचा फोन आला नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

गेल्या वर्षी मुलाने फार आग्रह केला म्हणून मी पुण्याला जाऊन राहिलो. गॅलरीतून समोरच्या गॅलरीतली वाळत घातलेली चादर पाहत बसायचं, एवढंच काम. पिंपळनेरचा फोन यायचा तो जळगावच्या घरीच, त्यामुळे तिथे तोही नाही. शेवटी तीही चादर ओळखीची झाली तेव्हा परत आलो. आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. उघडतो तर पिंपळनेर. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, चेहरा पडलेला. त्याच्या मागे बोदवड, त्याच्याही डोक्यावर टोपी. पिंपळनेर मान खाली घालूनच म्हणाला, "कळविण्यास अत्यंत दुःख होते," आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू ते जित्ता शे रे."

झालं होतं ते असं. बोदवडने त्याला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "भडगाव पुण्याले गेला." त्याने ऐकलं, भडगाव गेला. लगेच शुद्ध मराठीत त्याने बोदवडलाच उलटा फोन केला. मी बोदवडला विचारलं, "अरे, बातमी तुझीच ना? मग तू टोपी घालून कसा आलास?" बोदवड ओशाळून म्हणाला, "मी त्याले पुण्याले गेला सांगितलं, तो मले नुसता गेला म्हने. मले वाटलं, पुण्याले जाऊन गेला अशीन. पिंपळनेरची बातमी खोटी कशी राहीन?" आणि मला फोन लावून बघावा, हे दोघांनाही सुचलं नव्हतं. गेलेल्या माणसाला फोन कोण करतं?

मी माझ्याच दारावर आलेल्या पाहुण्यांसाठी चहा टाकला. पिंपळनेरने कप बाजूला सारला. दारावर आल्यावर चहा घेत नाहीत. "अरे, तो जिता हाये," बोदवड म्हणाला. पिंपळनेरने कप आणखी लांब सारला. तेवढ्यात टेबलावर, अगदी त्याच्या कोपराशी, माझा फोन वाजायला लागला. मोठ्याने वाजत होता. आमचा हा माणूस, ज्याने जन्मभर फोनवर झडप घातली, तो समोरच्या भिंतीकडे बघत बसलेला. बोदवडने विचारलं, "तुह्यं बीपी कसं हाये?" तर म्हणाला, "दोन्ही सुरतले शेतस." बोदवडला हसू फुटलं आणि मग आवरलं.

पिंपळनेरने टोपी काढून मांडीवर ठेवली. "बराच दिन व्हयनात," तो म्हणाला, "माले आयकू येत नही." आम्हाला वाटायचं, हा अलीकडे आपल्याला बोलूच देत नाही, म्हातारपणी वाह्यात झालाय. तर समोरचा काय बोलतो ते कळत नाही, म्हणून तो थांबतच नव्हता. थांबला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं. आणि उत्तर चुकलं असतं तर आम्हाला कळलं असतं. "आते मी फोन कसा करू?" असं त्याने विचारलं ते आम्हाला नाही, हातातल्या टोपीलाच विचारल्यासारखं. मुलीने कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. त्यात पंखा ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, माणूस येत नाही, म्हणून ते शर्टाच्या खिशात. जाताना तो फाटकापर्यंत गेला आणि मागे वळून बघितलंही नाही. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मुलाने मला मोबाइलवर वर्गाच्या ग्रुपमध्ये घालून दिलं होतंच. तिथे सकाळी फुलं येतात. मध्ये साक्रीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कुणीतरी एका ओळीत कळवलं आणि खाली सगळ्यांनी हात जोडले. कोणता डॉक्टर, कोणता पाय, भूल कुठून दिली, जेवायला कधी लागला, काही पत्ता नाही. ही काय बातमी झाली? मग मीच फोन करायला घेतले. बोदवडला लावला तर त्याने उचलल्या उचलल्या विचारलं, "कोन गेलं?" पिंपळनेरशिवाय सकाळी फोन आला की आमच्यात आता एवढाच अर्थ निघतो. तरी चिकाटीने सगळ्यांच्या बातम्या गोळा केल्या आणि धुळ्याची गाडी पकडली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी मनात उजळणी करत होतो.

तो घरीच होता. स्टँडवर जाणं त्याने सोडलं होतं. मी समोर बसलो आणि ओरडून बातम्या द्यायला लागलो. साक्रीचा डावा गुडघा, बोदवडच्या नातीला लागलेली नोकरी, कोण जावयाकडे राहायला गेला, कुणाचा जावईच घरी राहायला आला. शेजारच्या अक्का खिडकीतून डोकावल्या; भांडण नाही हे पाहून जरा नाराज होऊनच परत गेल्या. पिंपळनेर पुढे झुकून माझ्या ओठांकडे बघत होता. जे कळायचं त्याला मान हलवायचा, जे कळायचं नाही ते पुन्हा बोलायला लावायचा. चोपड्याच्या बायपासला त्याने मला तीनदा ओरडायला लावलं. चेहरा असा खुलला होता की माझा घसा बसला तरी मी थांबलो नाही.

सगळं सांगून झालं. तो म्हणाला, "अन् भडगाव? भडगाव कसा शे?"

मी सवयीने म्हणालो, "मजेत." फोनवर मी वर्षानुवर्षं तेच म्हणत आलो होतो, आणि तो पुढे सगळ्यांना तेच कळवत आला होता. पण आता त्याला शब्द ऐकू आला नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तोंडवर तशे दिखत नही," तो म्हणाला.

मला आधी राग आला. मग काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागलो. ओरडून नव्हे, साध्या आवाजात, जसं हिच्याशी बोलायचो तसं. ही गेल्यापासून मी आतल्या खोलीत टीव्ही सुरू ठेवून बाहेर बसतो, कुणीतरी आत आहे असं वाटावं म्हणून. पुण्याला जायची भीती वाटते आणि जळगावला राहायचीही. आजारी पडलो तर बरं होईल, निदान विचारपूस तरी होईल, असं कधी कधी मनात येतं. असलं काही मी मुलाला सांगितलेलं नाही आणि वर्गातल्या कुणालाही नाही. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणूनच मला सांगता आलं. त्याने एकदाही पुन्हा बोल म्हटलं नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसला होता.

मी थांबलो तसा त्याने माझा गुडघा थोपटला. मग म्हणाला, "हाई मी कोनले सांगत नही."