चौकटीतले सेन्सर

लातूरच्या घरातला अलार्म बाबांनीच बसवला होता. जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं त्यांचं दुकान होतं, वायरिंगला बाहेरचा माणूस कशाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांना विसर पडायला लागला, ते न सांगता बाहेर पडू लागले. दार उघडल्यावर अलार्म वाजला की आई मागोमाग जायची. चोरांसाठीची सोय अशी बाबांच्याच कामी आली.

वीज पडून अलार्मचं पॅनल जळालं आणि मी नांदेडहून आले. मेकॅनिकनं सगळंच नवीन, बिनतारी घ्यायला सांगितलं. बघा तरी, म्हणून पुढच्या दाराला एक सेन्सर चिकटवून गेला. दुपारी तो बाबांच्या सदऱ्याच्या खिशात सापडला. दारावर काही उपरं दिसलं की ते खरवडून काढायचे. जुने सेन्सर चौकटीच्या लाकडात बुजवलेले, दिसतच नसल्यानं ते बाबांनी कधी खरवडले नव्हते.

"पॅनल नवं, सेन्सर हेच राहतील," मी मेकॅनिकला सांगितलं. जुन्याची जबाबदारी घेणार नाही, म्हणाला. मी घेते म्हटलं. मग त्यानं वायर जोडता येईल असं पॅनल आणून दिलं.

बाबांच्या वायरिंग तपासायच्या मीटरनं मी एकेक दाराचा सेन्सर तपासला. दार लावलं की आकडा यायचा, उघडलं की जायचा. मागच्या दाराच्या फळीवरचं, सेन्सरसमोर येणारं लोहचुंबक तेवढं गळून पडलं होतं, ते बाजारातून आणलं. तरी नवं पॅनल सगळी दारं बंद असताना बिघाड दाखवू लागलं. मेकॅनिकनं आईकडे बघितलं फक्त. मी माहितीपत्रक घेऊन बसले. प्रत्येक सेन्सरला वीज अडवणारा एक बारीक रेझिस्टन्स जोडलेला असतो, आणि या पॅनलला तो वेगळ्या मापाचा हवा होता. जुना सेन्सरबरोबर लाकडातच बुजवलेला, म्हणजे चौकटी उकरणं आलं.

मेकॅनिकनं आणि मी मिळून ते केलं. बाबा खुर्ची ओढून जवळ बसले. मी त्यांची मुलगी आहे हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"बाई, हे काम कुणाचं हाय?"

"तुमचंच."

त्यांनी भिंतीतून आलेली वायर बोटानं चाचपली. "लई नीट केलंय," म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी पुढचं दार उघडलं. घरात आवाज घुमला, आणि आई चपला सरकवून त्यांच्या मागे निघाली.